खरादाची लाकडी साधने घरी करताना

मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या एका बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातून मी लाकडी कामाचा जुना खराद, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र, २६,००० रुपयांना विकत घेतला. मी भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि शाळा सुटल्यावरचा वेळ लाकडात घालवण्याची माझी बरीच जुनी इच्छा होती. मशीनसोबत एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर, लाकूड स्क्रूने आवळायची सहा इंची लोखंडी फेसप्लेट आणि लाकूड टोकांना टेकवून धरणारी दोन सेंटर एवढेच सामान मिळाले. तेवढ्यावर लाटणे, रवी, मुसळ अशा दोन्ही टोकांना अडकवता येणाऱ्या वस्तू सहज होतात. पोळपाट, वाडगा किंवा लाकडी नंदीबैलाचे चाक मात्र एका बाजूने धरून दुसरी बाजू मोकळी सोडावी लागते आणि त्यासाठी चक, म्हणजे लाकूड पकडून फिरवणारे साधन, हवा. चार जबड्यांच्या लोखंडी चकची चौकशी केली, तेव्हा ९,५०० रुपये आणि वर पाठवणीचा खर्च असा आकडा समोर आला.

आमच्या गावात एक वृद्ध वाढई, म्हणजे सुतार, आहेत, त्यांना सगळे वाढईबाबा म्हणतात. त्यांच्यासमोर ही अडचण मांडल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, मशीन तुमची हाये, तं तिचं सामान बी तिच्यावरच बनते." पुढचे सतरा महिने मी हेच वाक्य धरून काम केले. लाकडाचा चक ज्या स्पिंडलवर, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या दांड्यावर, बसवायचा, त्याच स्पिंडलवर कातला की त्याचे केंद्र आपोआप त्या मशीनच्या केंद्राशी जुळते. तो झिजला किंवा फाटला, तर पुन्हा करता येतो. ज्यांच्याकडे खराद आहे पण धरण्याची साधने नाहीत, त्यांच्यासाठी हे सारे घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

पहिला प्रश्न लाकडाचा होता. ७ जून २०२४ च्या रात्री आलेल्या वादळात आमच्या मामांच्या धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, हळदूचे मोठे झाड उन्मळून बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पडले. हळदू खरादाच्या कामासाठी फार चांगले लाकूड आहे, कारण त्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो आणि ताजा छेद खरोखरच हळदीसारखा पिवळा दिसतो. परंतु १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यातील यादीत सागवान, बिजा, तिवस, ऐन यांच्याबरोबर हळदूही आहे. त्यामुळे झाड स्वतःच्या शेतातले असले आणि आपोआप पडलेले असले, तरी परवानगी न घेता ते कापून आरा मशीनवर नेणे योग्य नव्हते. मामांना घाई होती, कारण रोवणीपूर्वी बांधी मोकळी व्हायला हवी होती. शेवटी नाकेदारांच्या, म्हणजे वनरक्षकांच्या, संमतीने ओंडका केवळ धुऱ्यावर सरकवून ठेवला आणि त्याला करवत लावली नाही.

१२ जूनला आम्ही वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला. त्यासोबत सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा, मामांच्या आधार कार्डाची प्रत आणि पडलेल्या झाडाची तीन छायाचित्रे जोडली. सातबाऱ्यावर झाडाची नोंद आहे की नाही, हे अर्जापूर्वीच पाहून घ्यावे. आमची नोंद होती, म्हणून तलाठी कार्यालयाची एक फेरी वाचली. २९ जूनला नाकेदार आणि क्षेत्र सहायक येऊन पंचनामा करून गेले. त्यांनी ओंडक्याचा घेर आणि लांबी मोजली आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्या. वाऱ्याने पडलेल्या झाडासाठी परवानगी नाकारली जात नाही, केवळ क्रमाने जावे लागते, असे त्यांनी तेव्हाच सांगितल्यामुळे मनावरचा ताण उतरला. २ ऑगस्टला परवानगी मिळाली, ओंडक्यावर वन खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटला आणि ९ ऑगस्टला वाहतूक पास हाती आला. पासवर वाहनाचा क्रमांक आणि मुदत लिहिलेली असते, म्हणून ट्रॅक्टर आधी ठरवावा आणि पास नंतर घ्यावा. आरा मशीनच्या मालकाने पास पाहिल्यावरच ओंडका आत घेतला. कापणीची पावती आणि पासची प्रत मी आजही एकाच पाकिटात ठेवली आहे. घरात यादीतील लाकूड ठेवायचे असेल, तर त्याचे कागद त्याच्यासोबतच असावेत.

ओंडक्याच्या बारा सुती, म्हणजे दीड इंच जाडीच्या फळ्या पाडल्या. फळ्यांच्या दोन्ही टोकांना त्याच दिवशी फेव्हिकॉलचा जाड थर दिला, कारण टोकाकडून पाणी सर्वांत वेगाने निघते आणि तेथूनच चिरा पडतात. नंतर मधे पट्ट्या घालून फळ्या गोठ्याच्या माळ्यावर रचल्या. एक इंच जाडीला एक वर्ष, असा वाळवण्याचा जुना ठोकताळा आहे. मी त्याबरोबर वजनाचाही आधार घेतला. एका फळीवर खूण करून ती किराणा दुकानाच्या काट्यावर तोलत गेलो. ऑगस्टमध्ये ती ५.८ किलो भरली, दिवाळीत ४.६, जानेवारीत ४.२, आणि मार्च व एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही वेळा ४.१५ किलो. वजन उतरायचे थांबले, म्हणजे लाकूड कामाला तयार झाले, असे मी समजलो.

ही वाट पाहणे मला जड गेले, हे प्रामाणिकपणे सांगतो. मशीन घरात उभी असताना आठ महिने लाकूड नुसते तोलत राहायचे, हे जमणारे नव्हते. वाढईबाबांनी तोडगा काढला. त्यांच्या मागच्या अंगणात मोडक्या बैलगाडीच्या चाकाचे बाभळीचे पुठ्ठे पडले होते. चाकाचा घेर ज्या वळणदार तुकड्यांनी बनतो, ते हे पुठ्ठे. चाळीस वर्षे ऊनपाऊस खाऊन ते इतके घट्ट झाले होते की पटाशीला ठण् असा आवाज येत असे. त्यातले चार पुठ्ठे त्यांनी मला दिले आणि पैसे घेतले नाहीत. चकसाठी कठीण, जुने आणि पूर्ण वाळलेले लाकूड लागते; ते विकत घेण्यापूर्वी गावातील मोडकी गाडी, तिफण, वखर यांच्याकडे एकदा पाहावे.

आता स्पिंडलचे आटे, म्हणजे चक फिरवून बसवण्यासाठी त्यावर असलेल्या स्क्रूसारख्या खाचा. मशीनसोबत कोणतेही पुस्तक नव्हते, म्हणून मी स्पिंडलचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजला, तो एक इंचाला अगदी किंचित कमी भरला. मग स्टीलची पट्टी आट्यांवर टेकवून एका इंचात किती आटे बसतात, ते मोजले. ते आठ होते. १९ एप्रिल २०२५ ला सकाळची शाळा आटोपून मी एसटीने नागपूरला गेलो आणि इतवारीतील लोहाओळीत टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारे हत्यार, शोधला. तेथे आट्यांना चुडी म्हणतात आणि व्यास सुतात सांगतात, म्हणजे एक इंच हा आठ सुतांचा. माझ्या स्पिंडलच्या आट्यांच्या खाचेचा कोन साठ अंशांचा होता आणि बाजारात सहज मिळणारा आठ सुती टॅप विटवर्थ नावाच्या इंग्रजी पद्धतीचा, पंचावन्न अंशांचा होता. परंतु इंचाला आटे दोन्हींत आठच असल्यामुळे लाकडात हा फरक अडत नाही. टॅप ९०० रुपयांना आणि त्याचे हँडल ३५० रुपयांना मिळाले. सात सुती चपटा बिट आणि टेलस्टॉकमध्ये, म्हणजे स्पिंडलसमोरच्या सरकत्या टेक्यात, बसणारा ड्रिल चक एका मित्राने वापरायला दिला. आठ सुती टॅपसाठी भोक सात सुती पाडायचे, हे समीकरण एवढे सोपे आहे की लिहून ठेवण्याचीही गरज नाही.

पहिला चक बिघडला. मी पुठ्ठ्याचा तुकडा शिकंज्यात धरला, हाताने भोक पाडले आणि टॅप नजरेच्या अंदाजाने फिरवला. टॅप तिरका गेला आणि चक स्पिंडलवर चढवून मोटर सुरू केली, तेव्हा त्याची कड बोटभर डोलू लागली. आटेही जागोजागी कुसकरले होते. दुसऱ्या वेळी सर्व काम मशीनवरच केले. तुकडा आधी लोखंडी फेसप्लेटवर चार स्क्रूंनी आवळला, त्याचा चेहरा सपाट कातला आणि टेलस्टॉकमधून बिट पुढे सरकवत भोक पाडले, म्हणजे भोक नेमके केंद्रात आले. त्यानंतर मोटरची पिन बोर्डातून काढून बाजूला ठेवली. टॅपच्या मागच्या टोकाला एक बारीक खड्डा असतो, त्यात टेलस्टॉकच्या सेंटरचे टोक टेकवले. डाव्या हाताने टेलस्टॉकचे चाक किंचित पुढे घेत आणि उजव्या हाताने हँडल फिरवत टॅप आत नेला. दर अर्ध्या फेऱ्यानंतर पाव फेरा मागे घेतला, म्हणजे भुसा तुटून बाहेर पडतो. आटे पडल्यावर त्यांवर पातळ सुपरग्लू सोडला, रात्रभर वाळू दिला आणि सकाळी तोच टॅप पुन्हा एकदा फिरवला. या दुसऱ्या फेरीत आट्यांच्या कडा काचेसारख्या स्वच्छ निघाल्या. मग आट्यांना मेण चोळले. मेण सुपरग्लूच्या आधी लावू नये, नाही तर ग्लू लाकडात शिरत नाही.

भोकाच्या तोंडाशी दोन सूत खोलीचा, आट्यांपेक्षा थोडा रुंद खड्डा कातावा, हे मला तिसऱ्या चकच्या वेळी कळले. स्पिंडलच्या मुळाशी आटे नसलेला भाग असतो. त्याला जागा मिळाली नाही, तर चकची पाठ स्पिंडलच्या खांद्यावर सपाट टेकत नाही आणि सर्व मेहनत असूनही तो डोलतो. पाठ आणि खांदा यांच्यामध्ये दुधाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून कापलेली वॉशर घातली, की चक कितीही घट्ट बसला तरी सुटताना पाना लागत नाही. असा आट्यांचा चक असताना मशीन उलटी फिरवू नये, कारण तो स्वतःच उलगडून निघतो.

मे महिन्याच्या सुट्टीत खरे काम सुरू झाले. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघर नेतात. शाळेतील चाळीस मुलांना बैल द्यावेत, असे मी ठरवले होते. बैलांची शरीरे वाढईबाबा करणार होते आणि चाके मी. एका बैलाला चार, म्हणजे १६० चाके, सगळी तीन इंची आणि हळदूची. चाकाला मधे तीन सुती भोक पाडून ते बोल्टच्या एका दांडीवर आवळले, की त्याची कड कातता येते, परंतु बोल्ट आणि वॉशर चाकाचा मधला भाग झाकतात, म्हणून तुंब्याचा उंचवटा आणि आऱ्यांचा आभास देणाऱ्या खाचा कातता येत नाहीत. त्यासाठी चाकाला कडेने धरणारा, डबीच्या झाकणासारखा घट्ट बसणारा चक हवा होता.

हा चक करणे हे या सर्व कामातील सर्वांत नाजूक आणि मला सर्वांत आवडलेले काम आहे. बाभळीच्या चकच्या चेहऱ्यात चार सूत खोल गोल खड्डा कातायचा. आरंभी तो चाकापेक्षा एक मिलिमीटर लहान ठेवायचा आणि त्याच्या भिंतीला तोंडाशी नखभर उतार द्यायचा. मग मशीन थांबवून चाक त्यात दाबायचे, हाताने एक फेरा फिरवायचे आणि काढून भिंतीकडे उजेडात पाहायचे. चाक जेथे घासले, तेथे लाकडावर चकचकीत रेघ उमटते. ती रेघ एखाद्याच बाजूला दिसली, तर खड्डा गोल नाही. ती तोंडाशीच असली, तर आणखी आत कातायचे. मी पटाशी रेघेवर अगदी हलकी टेकवत असे, निघणारा छिलका पिठाएवढा बारीक असे, आणि पुन्हा चाक दाबून पाहत असे. पाचव्या-सहाव्या वेळी चाक आत शिरताना हवा दबल्याचा हलका आवाज आला आणि रेघ भिंतीवर सगळीकडे सारखी दिसली. तेथे थांबायचे. त्यापुढे केसभर कातले तरी चाक सैल होते. सैल झालेच, तर भिंतीला कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा किंवा ओल्या बोटाने भिंत ओलसर करावी, म्हणजे तंतू फुगून पकड परत येते. चाकांच्या कडा मात्र सारख्या हव्यात, म्हणून प्लायचा इंग्रजी यू आकाराचा एक मापक केला आणि प्रत्येक चाक त्यातून जेमतेम सरकेपर्यंतच कातले. एका चाकाला आरंभी पंचवीस मिनिटे लागत होती, जूनच्या मध्यापर्यंत अकरा मिनिटांवर आलो.

पोळपाटासाठी वेगळी युक्ती लागली. पोळपाटाला स्क्रूची भोके चालत नाहीत, म्हणून फेसप्लेटवर एक वाया जाणारा लाकडी ठोकळा बसवून पोळपाट त्याला फेव्हिकॉलने चिकटवायचा आणि मधे वर्तमानपत्राचा एक थर घालायचा. काम झाल्यावर सांध्यात रुंद पटाशी ठेवून हलका ठोका दिला, की कागद मधोमध फाटतो आणि दोन्ही लाकडे शाबूत राहतात. फेव्हिकॉलला पूर्ण चोवीस तास द्यावे लागतात. ६ जूनला मी सकाळी चिकटवलेला नऊ इंची शिवणीचा पोळपाट दुपारीच मशीनवर चढवला. वेग येताच तो निखळला, टिनाच्या भिंतीवर आदळला आणि भिंतीला खोलगट पोचा पडला. मी सुरू करताना बाजूला उभा होतो, म्हणून मला लागले नाही. त्या संध्याकाळी माझे हात बराच वेळ थरथरत होते आणि घरच्यांनी मशीन विकून टाका असेही म्हटले. दुसऱ्याच दिवशी मी साकोलीहून २८० रुपयांचा चेहराभर झाकणारा फेस शील्ड आणला. व्यासाचे इंच आणि फेऱ्यांचा आकडा यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या आत ठेवावा, हा नियम मी भिंतीवर खडूने लिहिला. नऊ इंची पोळपाटाला त्या हिशेबाने मिनिटाला सुमारे ६७० ते १,००० फेरे होतात. शेवटच्या काही कापांपर्यंत टेलस्टॉकचा टेकाही काढत नाही.

रवीची लांब दांडी मधे थरथरते, तिला तेथे आधार द्यायला बारा मिलिमीटर प्लायची एक चौकट करून तिच्यात तीन ६०८ क्रमांकाची बेअरिंग बसवली. ही बेअरिंग प्रत्येकी ४५ रुपयांना सायकल आणि मोटारपंपाचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळाली. लोखंडाने लाकडावर काळा पट्टा पडू नये म्हणून त्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवले. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखे काही नाही, ती पहिल्या दिवसापासून नीट चालली. चक, मापक, ही चौकट आणि टॅपसह साधनांवरचा माझा सर्व खर्च २,८५० रुपयांच्या आसपास झाला.

२०२५ मध्ये मे अखेरीसच पाऊस आला आणि एक नवी गोष्ट लक्षात आली. एप्रिलच्या कोरड्या उन्हात बिनचूक गोल कातलेले चक जूनमध्ये किंचित लंबगोल झाले होते. लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने फारसे फुगत नाही, आडवे मात्र फुगते, त्यामुळे आडव्या रेषेच्या तबकडीचा गोल टिकत नाही. लोखंडी चकमध्ये हा दोष नसतो, हे मान्य करायला हवे. परंतु लाकडी चक स्पिंडलवर चढवून दोन हलके काप घेतले, की तो त्या दिवसापुरता पुन्हा गोल होतो. काम सुरू करण्यापूर्वी ही दोन मिनिटे मी आता रोज देतो, आणि खड्डा मोठा होऊ लागला की भिंतीत नवी कडी चिकटवतो.

२३ जून रोजी शाळा सुरू झाल्यावर कामाचा वेळ संध्याकाळी दीड तासावर आला आणि विजेचा लपंडाव असे तो वेगळाच. १४ ऑगस्टला शेवटचे चाक झाले. सर्व चाकांना जवसाचे तेल दिले. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आतून तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून पूर्ण वाळवावीत. २२ ऑगस्टला पोळा झाला आणि २३ ला तान्हा पोळा. त्या दिवशी चिखल होता तरी चाळीस बैल गावातून फिरले.

सोमवारी शाळेत तिसरीतील एक मुलगा आपला बैल घेऊन माझ्या टेबलाजवळ आला. बैल दगडावर आपटून त्याचे पुढचे एक चाक रेषेतून फाटले होते. संध्याकाळी तो माझ्याबरोबर घरी आला. बाभळीचा तोच चक मी खुंटीवरून काढला, स्पिंडलवर चढवला, दोन हलक्या कापांत गोल केला, चिकटपट्टीचा एक वेढा दिला आणि उरलेल्या हळदूच्या तुकड्यातून १६१ वे चाक कातले. मुलगा दाराशी, मी खडूने आखून दिलेल्या रेषेच्या पलीकडे उभा राहून पाहत होता. चाक बसवून तेल लावले, तेव्हा ते इतर तीन चाकांपेक्षा थोडे अधिक पिवळे दिसत होते.